‘रॉकी बाल्बोआ’ बघणारा प्रेक्षक टिपताना : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

काम ठरलं. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या एका सामुदायिक हॉलमध्ये ‘रॉकी बाल्बोआ’ (२००६), म्हणजे मुष्टियोद्धा रॉकीवरच्या चित्रपटमालिकेचा सहावा भाग, दाखवायचा आणि प्रेक्षक कुठे हसतो, कुठे गप्प होतो, कुठे पुढे सरकून बसतो हे प्रसंगागणिक नोंदवायचं. निम्मे प्रेक्षक २००६ साली हा चित्रपट थिएटरात पाहिलेले, निम्मे पहिल्यांदा बघणारे. पहिल्या गटात बहुतेक जुने फिलाडेल्फियाकर शेजारी आहेत, दुसऱ्यात बरीच मराठी कुटुंबं.

हाच चित्रपट का, तर शेवट म्हणून प्रेक्षकाने तो मनापासून स्वीकारला. १९७६ च्या पहिल्या ‘रॉकी’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेतलं. १९९० चा पाचवा भाग शेवटचा म्हणून आला, पण त्यातली शेवटची मारामारी रिंगमध्ये नाही, रस्त्यावर होते. लोक हिरमुसून बाहेर पडले. त्यानंतर १६ वर्षांनी, साठीतल्या सिल्व्हेस्टर स्टॅलोनने लिहून, दिग्दर्शित करून सहावा भाग आणला. खर्च सुमारे २.४ कोटी डॉलर, जगभरची कमाई १५ कोटींच्या वर. पण गल्ल्याच्या आकड्यावरून हॉल कुठल्या वाक्याला शांत झाला ते कळत नाही. आम्हाला ते हवं आहे.

पहिलं काम परवान्याचं. घरी बघायला घेतलेली डिस्क हॉलमध्ये लावायचा हक्क देत नाही, तिकीट नसलं तरी. सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना एका खेळाला ३७५ डॉलर. दुसरा खेळ केलात तर पुन्हा तेवढेच. आम्ही एकाच खेळाचे पैसे धरले होते. चूक.

११ जानेवारी, शनिवार

प्रश्नपत्रिकेचा कच्चा खर्डा १२ जणांकडून भरून घेतला. पहिला प्रश्न होता, ‘रॉकीचा शेवटचा चित्रपट पाहून काय वाटलं?’ चौघांनी १९९० च्या पाचव्या भागाबद्दल लिहिलं, दोघांनी ‘क्रीड’ या त्यानंतरच्या चित्रपटाबद्दल. दोष त्यांचा नाही. १९९० मध्ये शेवटचा म्हणून पाचवा आला, २००६ मध्ये सहावा. मग २०१५ च्या ‘क्रीड’मध्ये रॉकी परत आला आणि २०१८ मध्येही होता. ‘शेवटचा’ हा शब्द कोण कधी थिएटरात गेलं त्यावर अवलंबून आहे.

दुरुस्ती : प्रत्येक प्रश्नात साल लिहिलं. ‘क्रीड पाहिला आहे का’ हा वेगळा रकाना केला, कारण पुढे काय होतं हे माहीत असलेला माणूस रॉकीचा निरोप निरोप म्हणून बघत नाही. त्याच्या उत्तराचं वजन वेगळं धरावं लागतं.

‘काय वाटलं’ हा प्रश्नही काढून टाकला. त्याला ‘छान’, ‘प्रेरणादायी’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी : ‘कुठल्या प्रसंगात शेजाऱ्याकडे पाहिलंत?’, ‘कुठे खाणं थांबलं?’, ‘सामना कोण जिंकलं?’ शरीराबद्दल विचारलं की लोक नेमकं लिहितात.

१८ जानेवारी, शनिवार

एक दिवस फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयाच्या पायऱ्यांवर घालवला, पहिल्या भागात रॉकी धावत चढतो त्याच. अख्खा वाया गेला, म्हणून इथे लिहितो. पायऱ्या ७२. लोक धावत चढतात, वर हात उंचावतात, खाली रॉकीच्या पुतळ्याशी फोटो काढतात. (हा पुतळा तिसऱ्या भागासाठी घडवलेला, संग्रहालयाच्या पायथ्याशी २००६ च्या सप्टेंबरात परत आला, म्हणजे सहावा भाग लागायच्या जेमतेम साडेतीन महिने आधी.) पण त्यांना चित्रपटाबद्दल विचारलं की सगळे पहिल्याच भागाबद्दल बोलतात. सहाव्यात रॉकी कुत्रा घेऊन वर चढतो, हे फार थोड्यांना आठवलं. पायऱ्यांवर भेटणारा माणूस शहराचा पाहुणा असतो, तो या चित्रपटाचा प्रेक्षक असेलच असं नाही. शिवाय वाऱ्यामुळे मायक्रोफोनवर नुसती घरघर. नुसती फोमची टोपी पुरत नाही, केसाळ आवरण लागतं. ते नेलं नव्हतं.

२७ जानेवारी, सोमवार

खेळ ९ फेब्रुवारीच्या रविवारी ठेवला होता. काल ईगल्स (इथला अमेरिकन फुटबॉलचा संघ) ५५-२३ ने जिंकले आणि सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, नेमका ९ फेब्रुवारीला. या शहरात त्या संध्याकाळी दुसऱ्या कशालाही माणूस येणार नाही. तारीख २२ फेब्रुवारी केली. हॉलची ८० डॉलर अनामत बुडाली. फिलाडेल्फियात हिवाळ्यात काहीही ठरवायचं असेल तर आधी फुटबॉलचं वेळापत्रक बघा.

१ फेब्रुवारी, शनिवार

घरातल्या तळघरात सहा जणांवर चाचणी. तीन गोष्टी फसल्या.

एक, डिस्क. हाताशी होती ती युरोपातली, ‘पाल’ या तिथल्या टीव्ही पद्धतीची डिस्क. तीत चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी धावतो, म्हणून १०२ मिनिटांचा चित्रपट जवळजवळ ९८ मिनिटांत संपतो. कुठला प्रसंग कितव्या मिनिटाला याचा, मूळ लांबीवर बेतलेला तक्ता शेवटाकडे चार मिनिटांनी चुकला. तक्ता आणि खेळ, दोन्ही एकाच डिस्कवरून करा. आम्ही अमेरिकेतली ब्लू-रे घेऊन तक्ता नव्याने केला. सहा तास गेले.

दोन, रेकॉर्डर. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ ठेवला होता. बऱ्याच रेकॉर्डरांवर फाइल २ जीबीला तुटते. या मोजमापात ती वेळ साधारण ६२ मिनिटांनी येते. आमच्या यंत्राने नवी फाइल उघडताना मध्ये थोडं गाळलंही. ४८ किलोहर्ट्झवर आणल्यावर तीच मर्यादा दोन तासांपलीकडे गेली. हसणं आणि कुजबुज टिपायला ४८ भरपूर आहे.

तीन, दोन रेकॉर्डरांची घड्याळं. सुरुवातीला एक टाळी वाजवून दोन्ही जुळवले, तरी शेवटी जवळपास अर्ध्या सेकंदाचा फरक पडला. आता टाळी दोनदा, खेळाच्या आधी आणि नंतर. मधला फरक संगणकावर ताणून वाटून द्यायचा.

८ फेब्रुवारी, शनिवार

अंधारात दिसण्यासाठी अवरक्त कॅमेरा (६५ डॉलर) आणि वेगळा दिवा (३० डॉलर). ८५० नॅनोमीटरचा दिवा घेतला तर अंधारात त्याचा मंद लाल ठिपका दिसतो. चाचणीतले लोक पडद्याऐवजी त्याच्याकडेच बघत होते. बदलून ९४० चा घेतला. तो डोळ्याला दिसत नाही, पण पल्ला कमी; मागच्या दोन रांगा काळ्याच राहतात. म्हणून खुर्च्या आठ रांगांऐवजी सहा रांगांत, जास्त रुंद मांडल्या.

दोन गटांना ओळखायला पिवळे आणि पांढरे कागदी पट्टे मनगटाला बांधले होते. अवरक्त प्रकाशात दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. पट्टे रद्द. प्रत्येक खुर्चीला क्रमांक आणि तोच क्रमांक प्रश्नपत्रिकेवर. कोण कुठल्या गटातलं हे कागदावरून कळेल, चित्रावरून नाही.

संमतीपत्र : पेनसिल्वेनियात खासगी संभाषण ध्वनिमुद्रित करायला बोलणाऱ्या सगळ्यांची संमती लागते. शेजाऱ्याच्या कानात केलेली कुजबुज म्हणजे संभाषणच. दारावर पाटी पुरेशी मानू नका. प्रत्येकाची सही घ्या, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत मजकूर द्या. सही न करणाऱ्यांसाठी मागे, मायक्रोफोनपासून लांब चार खुर्च्या ठेवल्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार : पहिला खेळ

३८ माणसं. मांडणी अशी : पडद्याखाली डावी-उजवीकडे एकेक रेकॉर्डर, मायक्रोफोनचं तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ समोरच्या स्पीकरांकडे. हे कार्डिओइड मायक्रोफोन पाठीमागून येणारा आवाज बराच कमी पकडतात. तिसऱ्या रेकॉर्डरला मिक्सरमधून थेट चित्रपटाचा आवाज, जुळणीसाठी. मधल्या खुर्च्यांखाली तीन छोटे रेकॉर्डर, चिकटपट्टीने. पातळी अशी की चित्रपटाच्या सर्वांत मोठ्या आवाजाला शिखर उणे १२ डेसिबलवर राहील. त्याहून वर ठेवलं तर हशा फुटतो.

जे बिघडलं ते क्रमाने.

आठवड्यापूर्वी, १४ तारखेला, ईगल्सची विजययात्रा त्याच संग्रहालयापाशी संपली होती. त्यामुळे शहराचं कुठलंही दृश्य आलं की टाळ्या. या टाळ्या चित्रपटाच्या नाहीत, त्या आठवड्याच्या आहेत. तक्त्यात त्यांना वेगळी खूण केली.

वयस्क मंडळींसाठी इंग्रजी उपशीर्षकं लावली होती. रॉकीचा मेहुणा पॉली तिरकं काही बोलतो तिथे हशा वाक्य पुरं व्हायच्या एक-दोन सेकंद आधीच येतो, कारण लोक वाचून मोकळे होतात. नंतर ऐकताना वाटतं की लोक भलत्याच जागी हसले. उपशीर्षक पडद्यावर येतं तो क्षण तक्त्यात धरला की हिशेब बसतो.

सगळ्यात मोठी चूक शेवटी झाली. रॉकी अ‍ॅड्रियनच्या (त्याच्या दिवंगत बायकोच्या) थडग्यापाशी जातो, चित्रपट संपतो आणि श्रेयनामावली सुरू होते. तिथे खरीखुरी माणसं, लहान-मोठी, एकेकटी नि घोळक्याने, त्या ७२ पायऱ्या चढून वर नाचताना दिसतात. तीस वर्षांचा प्रेक्षकच पडद्यावर येतो. नावं दिसताच हॉल सांभाळणाऱ्याने दिवे लावले. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. माणसं उठली, कोट घालू लागली, पडदा फिका पडला. ज्या जागेसाठी खटाटोप केला तीच हातची गेली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ऐकायला बसलो. शेवटच्या सामन्याचं मुद्रण निरुपयोगी आहे.

जगज्जेता मेसन डिक्सन याच्याबरोबरचा सामना टीव्हीवरच्या थेट प्रक्षेपणासारखा बांधलेला आहे. समालोचक, निवेदक, रेफरी खरेच आहेत, डिक्सन झालेला अँटोनियो टार्व्हर खरा मुष्टियोद्धा आहे. त्यात गर्दीचा गजर सतत. हॉलमधला आवाज कुठला आणि पडद्यावरचा कुठला, हे कान लावूनही सांगता येईना. थेट घेतलेल्या ट्रॅकची लाट उलटी करून मिसळली की चित्रपटाचा आवाज वजा होईल, असा हिशेब होता. झाला नाही. हॉलमध्ये आवाज भिंती, छत, कोट यांच्यावरून परतून वेगवेगळ्या वेळी मायक्रोफोनपाशी येतो. थेट ट्रॅकशी तो जुळतच नाही. दोन संध्याकाळी यात घालवू नका.

खरं कारण कागदावर हॉल काढल्यावर सापडलं. गर्दीचा बराचसा आवाज मागच्या स्पीकरांतून येतो. आमच्या मायक्रोफोनची तोंडं प्रेक्षकांकडे, म्हणजे थेट मागच्या स्पीकरांकडे! समोरच्यांकडे पाठ केली आणि मागच्यांना उघड्या कानाने ऐकत बसलो.

एक गोष्ट मात्र न मागता मिळाली. मध्यंतर नव्हतं, म्हणून चिवड्याच्या छोट्या प्लास्टिक पिशव्या वाटल्या होत्या. खुर्च्यांखालच्या रेकॉर्डरांवर त्यांची चुरचुर अखंड आहे. आधी वाटलं, मुद्रण वाया गेलं. मग मांस कारखान्यातला प्रसंग आला, रॉकी पॉलीला सांगतो की आत तळाशी काहीतरी साठून राहिलंय आणि त्याचा बांध फुटतो. तिथे चुरचुर विरत गेली. आधी डावीकडची थांबली, मग मधली, मग एकच पिशवी उरली, एक बोट तीत अजून शेंगदाणा शोधतंय, आणि तेही थांबलं. कॅमेऱ्यात त्या खुर्चीवरचा हात पिशवीत तसाच, मनगटापर्यंत आत, प्रसंग संपेपर्यंत. टाळी लोक ठरवून वाजवतात. हात थांबतो तेव्हा त्या माणसाला स्वतःलाही पत्ता नसतो. आमच्या मते या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत विश्वासू मोजमाप हेच.

१ मार्च, शनिवार

दुसरा खेळ ८ मार्चला करायचा ठरलं. परवान्याचे आणखी ३७५. बदल :

मागचे स्पीकर बंद करायचे, पण नुसती वायर काढायची नाही. मग त्या वाहिन्यांतला गजर गायबच होतो आणि सामना पोकळ वाटतो. प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन पाच वाहिन्यांचं स्टीरिओत मिश्रण करायचं. गर्दी समोरूनच येते आणि मायक्रोफोनच्या पाठीवर पडते. चाचणीत फरक लगेच कळला. पूर्ण वजा होत नाही, पण समोर कोणी श्वास रोखून ‘अरे’ म्हणालं तर ऐकू येतं.

चिवडा त्याच पिशव्यांतून. कागदी पुडे सुचवले गेले, ते आम्ही नाकारले. कागद फार मऊ वाजतो.

दिव्यांसाठी हॉल सांभाळणाऱ्याला लेखी चिठ्ठी : पडदा पूर्ण काळा झाल्यावर मनात दहा मोजायचे, मग दिवे. शिवाय आमच्यातलं एक माणूस स्विचपाशी उभं राहील. परवा चूक त्याची नव्हती, सांगायचं काम आमचं होतं.

शाईचे पेन गेल्या वेळी अंधारात घरंगळले. आखूड पेन्सिली घेतल्या, १४४ चा डबा ११ डॉलरला.

८ मार्च, शनिवार : दुसरा खेळ

४४ माणसं, त्यातली २१ जणं २००६ मध्ये पाहिलेली. यंत्रं नीट चालली. फक्त एका खुर्चीखालची चिकटपट्टी चाळिसाव्या मिनिटाला सुटली आणि रेकॉर्डर फरशीवर पडला. तिथून पुढे त्याच्यात पावलांचे आवाज. पट्टी नको, झिपटाय वापरा.

उद्या पहाटे उन्हाळी वेळेसाठी इथली घड्याळं एक तास पुढे जातात. फाइलवर लिहिलेल्या वेळेवर जुळणी करू नका, टाळीवरच करा.

१६ मार्च, रविवार

तक्ता पुरा झाला. १०२ मिनिटांच्या एका खेळाला साधारण १४ तास लागले. दोन माणसांनी वेगवेगळं ऐकायचं, मग तुलना करायची. एकट्याने केलं तर तिसऱ्या तासानंतर सगळीकडे हशाच ऐकू येतो.

दिसलं ते असं.

ओळखीची सुरावट सुरू होताच, तुतारीच्या पहिल्या काही सुरांवर, पाहिलेल्यांच्या गटात हालचाल होते. माणसं पाठ टेकलेली सोडून पुढे येतात. पहिल्यांदा बघणारे सराव सुरू झाल्यावर, अर्ध्या मिनिटाने येतात. त्यांच्या स्मृतीत ती धून आहे, पण तिला जोडलेली माणसं नाहीत.

बाप-लेकाचा रस्त्यावरचा प्रसंग, जिथे रॉकी मुलाला सांगतो की किती जोराने मारता याला अर्थ नाही, किती मार खाऊन पुढे चालत राहता याला आहे. हा तुकडा फोनवरून इतका फिरला आहे की निम्म्या लोकांना तो पाठ. आमचा अंदाज होता इथे सर्वांत गाढ शांतता मिळेल. तसं झालं नाही. पाठ असलेले ओठ हलवत होते, दोघं चक्क मोठ्याने म्हणत होते, पिशव्या चालू होत्या. कारखान्यातला प्रसंग कोणाला पाठ नाही, म्हणून तो अजून आत पोचतो. अशी नोंद करणाऱ्याने प्रसिद्ध प्रसंगावर भिस्त ठेवू नये.

सामना. दुसऱ्या फेरीत डिक्सनचा हात दुखावतो, तिथून दोन्ही गट एक होतात. या पुढच्या तक्त्यात खुर्ची क्रमांक झाकला तर कोण कुठल्या गटातलं ते ओळखता येत नाही. निकालापाशी मात्र पेच आहे. परीक्षकांचा निकाल विभागून, डिक्सनच्या बाजूने जातो, आणि तो जाहीर होत असताना रॉकी गर्दीतून हात उंचावत बाहेर निघालेला असतो. कॅमेरा त्याच्याबरोबर. प्रेक्षकही त्याच्याबरोबर. टाळ्या चालू असतानाच निकाल निघून जातो. ‘सामना कोण जिंकलं?’ याला ४४ पैकी १३ जणांनी ‘रॉकी’ लिहिलं, खेळ संपून पाच मिनिटं झाली नव्हती तेव्हा. यातल्या तिघांशी बोलल्यावर कळलं की त्यांनी डिस्कवर दिलेला दुसरा शेवटही पाहिलाय, ज्यात रॉकी जिंकतो. त्यांच्या डोक्यात दोन्ही मिसळले आहेत. हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत ठेवाच, आणि दुसरा शेवट पाहिलाय का हेही विचारा. उरलेल्या दहा जणांची उत्तरं चूक म्हणून बाजूला काढली नाहीत. १९७६ मध्येही रॉकी गुणांवर हरला होता आणि लोक जिंकल्यासारखे बाहेर पडले होते. चित्रपट तेच पुन्हा घडवायला बघतो.

श्रेयनामावली. या वेळी अंधार टिकला. ४४ पैकी ३७ जण शेवटपर्यंत बसून होते. पहिल्या धावणाऱ्याला हशा, मग लहान पोरं आल्यावर मोठा हशा, मग हसणं कमी होत जातं आणि लोक एकमेकांशी बोलायला लागतात. खुर्च्यांखालच्या मुद्रणात ‘आपण गेलो होतो तेव्हा’ या अर्थाची वाक्यं दोन्ही भाषांत आहेत. सगळा चित्रपट पडद्याकडे तोंड करून बसलेली माणसं इथे पहिल्यांदा शेजाऱ्याकडे वळलेली कॅमेऱ्यात दिसतात. पहिल्या खेळात दिव्यांनी हेच खाल्लं होतं.

२३ मार्च, रविवार

खर्च, डॉलरमध्ये : परवाने ७५०, हॉल दोनदा ४८०, बुडालेली अनामत ८०, कॅमेरा ६५, दिवे ६० (८५० चा परत घेतला गेला नाही), ब्लू-रे १२, छपाई ३४, पेन्सिली ११, चिवडा ५२. एकूण १,५४४. रेकॉर्डर सगळे उसने. नीट आखलं असतं तर एकाच खेळात, साधारण ८०० मध्ये झालं असतं.

मूळ मुद्रणं कुणालाही देता येणार नाहीत. त्यांत चित्रपटाचा आवाज आहे आणि लोकांची कुजबुज आहे. संमती फक्त तक्त्यासाठी घेतली होती. तक्ता, कोरी प्रश्नपत्रिका, दोन्ही भाषांतलं संमतीपत्र आणि हॉलचा आराखडा मागेल त्याला मिळेल. आराखड्यात मायक्रोफोनची तोंडं पहिल्या खेळाची लाल आणि दुसऱ्याची निळी दाखवली आहेत. मागचे स्पीकर कुठे होते ते आधी बघा, मग तुमच्या हॉलची मांडणी करा.